ग्रुपच्या नावाने आंदोलनात उतरायचं का, आणि हे ठरवणार कोण?

यावेळी पत्रांमध्ये आणि मेलमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय. फुकट, आवडीने, वेळात वेळ काढून चालवलेले ऑनलाइन ग्रुप आणि त्यांच्यावर येणारं "आपणही उतरूया" हे प्रेशर. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार-पाच निवडलेत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीये कारण बाकीच्यांचीही बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न (मुलुंडहून एक वाचिका): ताई नमस्कार. आम्ही काही जण कॉपीराइट संपलेली जुनी मराठी पुस्तकं टाइप करतो, प्रूफ बघतो आणि साइटवर फुकट वाचायला ठेवतो. सगळे नोकरीधंदा सांभाळून करणारे, कोणी लोकलमध्ये सीट मिळाली की प्रूफ बघतं, कोणी रात्री पोरं झोपल्यावर. इंटरनेटबद्दल येऊ घातलेल्या एका नियमाविरुद्ध काही साइट्स परवा एक दिवस बंद राहणार आहेत. आमच्या तीन ॲडमिनपैकी दोघं म्हणतात आपणही बंद ठेवू, तिसरा म्हणतो आधी मेंबर्सना विचारा. पण विचारायला वेळच कुठे आहे?

उत्तर: तिसऱ्याचं ऐका. वेळ नसेल तर साइट बंद करू नका, इतकं सरळ सांगते.

आता का ते सांगते. तुम्ही तिघं ॲडमिन आहात म्हणजे पासवर्ड तुमच्याकडे आहे, साइट बंद करायचं बटण तुमच्याकडे आहे. पण ती साइट उभी राहिलीये ती प्रूफ बघणाऱ्यांच्या कामावर, आणि त्यातल्या कोणालाही याचा पगार मिळत नाही. पगारी माणसाला मालक म्हणू शकतो की बाबा कंपनीचं हे धोरण आहे, तुझं मत तुझ्याकडे ठेव. फुकट काम करणाऱ्याकडे त्याच्या नावाशिवाय आणि त्याच्या मताशिवाय दुसरं काय असतं? ते न विचारता वापरलं की तो भांडत नाही, नुसता यायचा बंद होतो. असे ग्रुप भांडणाने कमी आणि या गुपचूप गळतीने जास्त मरतात असं मला वाटतं.

या बाबतीत सगळ्यात मोठं उदाहरण इंग्रजी विकिपीडियाचं आहे आणि ते नीट बघण्यासारखं आहे. अमेरिकेत २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सोपा नावाचं विधेयक आलं, त्याचं सिनेटमधलं भावंड म्हणजे पिपा. पायरसी थांबवायची म्हणून परदेशी साइट्सपर्यंत पोहोचायचे रस्तेच तोडायचे, त्यांच्या जाहिराती, पेमेंट, सर्चमधल्या लिंका बंद करायच्या, असा त्याचा एकूण रोख होता. विकिपीडियासारख्या ठिकाणी जिथे कोणीही येऊन लिंक टाकतो तिथे हे थेट अंगावर येणारं होतं. डिसेंबरमध्ये जिमी वेल्सने स्वतःच्या चर्चापानावर विषय काढला की संप करायचा का, तुम्हाला काय वाटतं. लक्षात घ्या, संस्थापक माणूस, जगभर नाव, तरी त्याने बटण दाबलं नाही, विचारलं. मग जानेवारीत रीतसर चर्चा उघडली, वेगवेगळे पर्याय ठेवले, म्हणजे फक्त पट्टी लावायची की पूर्ण बंद, फक्त अमेरिकेत की जगभर. साधारण १,८०० जणांनी त्यात भाग घेतला. चर्चा बंद करून निकाल काय लागला हे लिहायचं काम तीन ॲडमिननी मिळून केलं, आणि मग १८ जानेवारी २०१२ ला २४ तास इंग्रजी विकिपीडिया काळं झालं. आपल्याकडे तेव्हा बुधवारचे सकाळचे साडेदहा वाजले होते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या दिवशीही सोपा आणि पिपावरचे लेख उघडे ठेवले होते, मोबाइलवरूनही वाचता येत होतं. म्हणजे वाचणाऱ्याचं फार अडू नये हा विचार आंदोलनाच्या आतच होता. आणि बाकीच्या भाषांची विकिपीडिया त्या निर्णयात ओढली नाहीत, मराठी विकिपीडिया नेहमीसारखं सुरू होतं. इंग्रजीवाल्यांनी इंग्रजीपुरतं ठरवलं. ज्याचं काम त्याचा निर्णय.

दोन दिवसांनी, २० जानेवारीला, दोन्ही विधेयकं पुढे ढकलली गेली आणि नंतर ती परत आलीच नाहीत. एकट्या विकिपीडियामुळे झालं असं मी म्हणणार नाही, रेडिट ही चर्चांची साइटही १२ तास बंद होती, गूगलने स्वतःच्या लोगोवर काळी पट्टी मारली होती, हजारो साइट्स होत्या.

तर परवापर्यंत तुम्ही काय करू शकता? आज रात्रीच सगळ्यांना मेल टाका आणि त्यात तुमचं मत आधी लिहू नका, आधी नियमात नेमकं काय म्हटलंय ते लिहा, त्याचा आपल्या कामावर कुठे परिणाम होतो ते लिहा (होत नसेल तर तेही लिहा), मग विचारा. व्हॉट्सॲपवर हो-नाहीचा पोल टाकून भागवू नका, तिथे दुपारी ज्याच्या हातात फोन असतो त्याचं मत सगळ्यांचं मत म्हणून मोजलं जातं, ऑफिसात फोन लॉकरमध्ये ठेवणाऱ्याचं काय? मत कोणाला हेही आधी ठरवा. जर्मन विकिपीडियावर मतदानाला किमान दोन महिन्यांचा वावर आणि लेखांमधली किमान २०० संपादनं लागतात, म्हणजे आंदोलनाची हवा बघून काल आलेल्याने आज ग्रुप बंद करायला लावू नये. तुमच्याकडे इतकं कडक नको, पण "निदान एका पुस्तकाचं प्रूफ बघितलेलं असावं" एवढी अट कोणाला जाचक वाटू नये.

परवापर्यंत पुरेशी उत्तरं आली नाहीत तर साइट उघडी ठेवा आणि तुम्हा दोघांना जे म्हणायचंय ते स्वतःच्या नावाने म्हणा, "अमुक ग्रुपचे ॲडमिन" म्हणून नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. आणि उत्तरं आली, बहुतेकांनी होकार दिला, तरी पूर्ण बंद करण्याआधी एकदा विचार करा की तुमची टाइप केलेली पुस्तकं कोण वाचतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो थेट वाचू शकत नाही, टाइप केलेला मजकूर वाचू शकतो. म्हणजे ज्यांना दिसत नाही अशा वाचकांना तुमची साइट हाच मार्ग असेल. पहिल्या पानावर मोठी पट्टी आणि आतली पुस्तकं चालू, हा पर्याय मला तुमच्यासाठी जास्त बरा वाटतो.

प्रश्न (गिरगावातून एक वाचक): आमचा जुन्या मुंबईच्या फोटोंचा ग्रुप आहे. ट्राम, गिरण्या, चाळी, जुनी स्टेशनं. मध्यंतरी झाडं तोडण्याविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हा काही मेंबर म्हणाले ग्रुपचा डीपी काळा करा. मी नको म्हटलं तर मला "कुंपणावर बसलेला" म्हणाले. शांत राहणं म्हणजे तोडणाऱ्यांच्या बाजूने असणं का?

उत्तर: नाही. पण "आम्ही तटस्थ आहोत" एवढं बोलून सुटका करून घेणंही मला पटत नाही, त्यामुळे थोडं थांबून बघूया.

सोपाच्या वेळी विकिमीडिया फाउंडेशनच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, तेव्हाच्या प्रमुख स्यू गार्डनर यांनी एक फार नेमकी गोष्ट मांडली होती, की विकिपीडियाचे लेख तटस्थ असतात पण विकिपीडियाचं असणं तटस्थ नाही. ते टिकायला काही कायदे, काही मोकळीक लागते आणि त्यावर घाला येत असेल तर बोलावंच लागतं. मला हीच कसोटी योग्य वाटते. विषय कितीही चांगला असो, पहिला प्रश्न हा की यामुळे आपलं काम अडतंय का किंवा आपल्या कामात याबद्दल इतरांना नसलेली अशी काही माहिती आहे का. दोन्हींना उत्तर नाही असेल तर मेंबरनी आपापल्या नावाने, आपापल्या पानावरून जावं, जरूर जावं, ग्रुपला मध्ये घेऊ नये. गल्लीतल्या मंडळाच्या बॅनरवर कोणाचा फोटो लागणार यावरून किती नाती तुटतात ते गिरगावातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

आता तुमच्या ग्रुपबद्दल. आरेचंच बघा. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. त्या तीन दिवसांत मुंबईतल्या फोनांवर काळे आणि हिरवे डीपी किती फिरले असतील त्याला गणती नाही. पण "तिथे आधी काय होतं" या वादात लोक दोन्ही बाजूंनी काहीही बोलत होते, कोणी म्हणे जंगल कधी नव्हतंच, कोणी म्हणे सगळं मूळ जंगल. आरे दूध वसाहतीचं उद्घाटन १९५१ चं, म्हणजे त्या भागाचे जुने फोटो लोकांच्या घरी अल्बममध्ये असणारच, शाळेच्या सहली जायच्या तिथे. तुमच्यासारखा ग्रुप तारीख आणि जागा पडताळून असे फोटो एकत्र मांडू शकतो. ते काम तुमच्याशिवाय कोण करणार? डीपी कोणीही काळा करतं. आणि फोटो मांडताना बाजू घ्यायची गरज नाही, फक्त आपल्या बाजूला गैरसोयीचा फोटो निघाला तर तो लपवायचा नाही, तोही लावायचा, ही शिस्त पाळावी लागेल. जे मेंबर तुम्हाला कुंपणावरचे म्हणाले त्यांनाच अल्बम शोधायच्या कामाला लावा, माझा अंदाज आहे की त्यातले बरेच जण आनंदाने करतील, त्यांना काहीतरी करायचं होतं आणि समोर फक्त डीपीच होता.

प्रश्न (विलेपार्ल्याचा एक विद्यार्थी): ताई, २०२३ मध्ये रेडिटवर एवढा मोठा ब्लॅकआउट झाला आणि शेवटी कंपनीने हवं तेच केलं. मी तिथे एका छोट्या सबरेडिटचा (म्हणजे एका विषयाच्या ग्रुपचा) मॉडरेटर आहे. मग पुढच्या वेळी कशाला भाग घ्यायचा?

उत्तर: तुझा प्रश्न कडू आहे पण बरोबर आहे. आधी झालं काय ते बाकीच्या वाचकांसाठी सांगते. रेडिटने बाहेरच्या ॲप्सना डेटा घेण्यासाठी इतके पैसे लावले की अपोलो नावाच्या ॲपच्या डेव्हलपरने वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर लागतील असा हिशोब मांडला. त्याविरुद्ध १२ जून २०२३ पासून ८,००० च्या वर सबरेडिट बंद झाली, बहुतेकांनी ४८ तास ठरवले होते. कंपनीने मनात धरलं की हे जाईल निघून, जे बंदच राहिले त्या मॉडरेटर्सना बदलण्याचा इशारा दिला, आणि अपोलो ३० जूनला बंद झालं.

म्हणजे हरले? बऱ्याच अंशी हो. आणि कारण मला दोन दिसतात. एक म्हणजे शेवटची तारीख आधीच जाहीर केली, समोरच्याला फक्त दोन दिवस कळ काढायची होती. दुसरं जास्त मोठं, की विकिपीडियाच्या सर्व्हरची मालकी जिच्याकडे आहे ती ना-नफा संस्था स्वतः लोकांच्या निर्णयामागे उभी होती, रेडिटवर किल्ल्या ज्यांच्या हातात त्यांच्याच विरुद्ध आंदोलन होतं. तू वर्षानुवर्षं सांभाळलेलं घर दुसऱ्याच्या नावावर आहे हे आंदोलनाच्या दिवशी कळून उपयोग नाही, आधी माहीत असलं पाहिजे. फेसबुक ग्रुप, व्हॉट्सॲप ग्रुप, टेलिग्राम सगळीकडे हेच.

पण एक गोष्ट बघ. सगळंच वाया नाही गेलं. दृष्टिहीन लोकांचं जे सबरेडिट आहे त्यांची मागणी अगदी स्पष्ट होती, की कंपनीचं स्वतःचं ॲप आम्हाला स्क्रीन रीडरवर नीट वापरताच येत नाही, आमची ॲप्स मारू नका. त्यावर ना-नफा ॲक्सेसिबिलिटी ॲप्सना सूट मिळाली. त्याच जूनमध्ये स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या साइट्सच्या मॉडरेटर्सनीही संप केला होता, एआयने लिहिलेली उत्तरं काढायला कंपनीने त्यांना जवळपास मनाई केली म्हणून. त्यांनी साइट काळी नाही केली, नुसतं आपलं काम थांबवलं, मागण्या लेखी दिल्या, बोलणारी माणसं ठरवली आणि ऑगस्टमध्ये कंपनीशी लेखी समझोता करून संप संपवला. दणका कमी, पण हातात कागद आला.

युरोपातही असंच झालं. २०१८ च्या जुलैमध्ये कॉपीराइटच्या नव्या नियमांवरून इटालियन, स्पॅनिश वगैरे विकिपीडिया बंद राहिली आणि युरोपियन संसदेने तो मसुदा ३१८ विरुद्ध २७८ मतांनी चर्चेला परत घेतला. मग २१ मार्च २०१९ ला जर्मन विकिपीडिया बंद राहिलं आणि पाचच दिवसांनी तोच कायदा ३४८ विरुद्ध २७४ ने पास झाला. त्याच हत्याराने आठ महिन्यांत एकदा काम केलं आणि एकदा नाही. म्हणून "जिंकणार का" एवढ्यावर ठरवू नकोस रे, आधी खात्री देता येत नाही. तुझ्या मेंबर्सना हे विचार की हरलो तरी हे केलेलं तुम्हाला चालेल का. हो म्हणाले तर उतर.

प्रश्न (कुर्ल्यातून एक ॲडमिन, नाव न देण्याची विनंती): मी भितो. ग्रुपमध्ये कोणी काही पोस्ट केलं आणि पोलीस माझ्याकडे आले तर?

उत्तर: ही भीती खोटी आहे असं कोणी म्हणू नये, निदान आपल्या भागात तरी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद होती त्याबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्यातूनच पुढे आयटी कायद्याच्या कलम ६६अ ला, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणाऱ्या कलमाला, आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. ॲडमिनबद्दल म्हणाल तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येणार नाही, दोघांचा मिळून तसा हेतू किंवा आधी ठरलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. हा दिलासा आहे पण मी वकील नाही, आणि नोटीस आली तर इंटरनेटवर उत्तर शोधू नका, वकिलाकडे जा.

मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की निर्णय घेताना भिणाऱ्याचं मत कमी किमतीचं धरू नये. ग्रुपमध्ये कोणी सरकारी नोकरीत असतं, कोणाचं व्हिसाचं काम चालू असतं, कोणाच्या घरचे आधीच त्रासलेले असतात, आणि ते सगळं ग्रुपवर उघड सांगता येत नाही. म्हणून मत गुप्त द्यायची सोय ठेवा आणि ज्यांना नको त्यांची नावं कुठल्याही निवेदनावर जाणार नाहीत हे आधीच लिहून टाका.

प्रश्न (ठाण्याची एक वाचिका): बंद वगैरे नको, आम्ही सगळ्यांनी मिळून सरकारला मेल पाठवायचे ठरवले तर? एक ड्राफ्ट बनवून सगळ्यांनी तोच पाठवायचा.

उत्तर: पाठवा, पण तोच पाठवू नका. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मार्च २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवरच्या सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक मिळावी या तत्त्वावर) मतं मागवली तेव्हा १० लाखांच्या वर मेल गेले, त्यामागे स्वयंसेवकांनी अवघड इंग्रजी पेपर सोपा करून प्रश्नागणिक उत्तरं तयार केली होती, ती मेहनत मोठी होती. त्याच वर्षाच्या शेवटी ट्रायने पुन्हा मतं मागवली, या वेळी वेगवेगळ्या डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल, तेव्हा फेसबुकने आपल्या वापरणाऱ्यांकडून फ्री बेसिक्सच्या (निवडक साइट्स फुकट दाखवणाऱ्या आपल्या योजनेच्या) बाजूने ठरावीक मजकूर पाठवून घेतला. ट्रायने उघड नाराजी दाखवली की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची यात उत्तरंच नाहीत, हा काही जनमत चाचणीचा प्रकार नाही. आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला तो फ्री बेसिक्सच्या विरुद्ध गेला. म्हणून ड्राफ्ट द्या, पण वर लिहा की दोन ओळी स्वतःच्या कामाबद्दल घाला, तुमच्याकडे या नियमामुळे नेमकं काय अडेल ते.

विकिमीडिया फाउंडेशननेही भारताच्या बाबतीत एकदा हाच रस्ता घेतलाय. मध्यस्थ कंपन्यांसाठीच्या, म्हणजे लोकांनी टाकलेला मजकूर दाखवणाऱ्या साइट्स-ॲप्ससाठीच्या, नियमांचा जो मसुदा डिसेंबर २०१८ मध्ये आला त्यात मजकूर आपोआप गाळायची यंत्रणा लावा, ५० लाखांच्या वर वापरणारे असतील तर भारतात ऑफिस उघडा असं होतं. त्यावर डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी मंत्र्यांना खुलं पत्र लिहून समजावलं की स्वयंसेवकांच्या हाताने मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या साइटवर हे कसं अडचणीचं ठरतं.

एक धोका मात्र मेंबर्सना आधी सांगा. २०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रायने आलेले सगळे मेल आपल्या साइटवर टाकले, लोकांच्या नावासकट आणि ईमेल पत्त्यासकट. त्यामुळे मेलखाली मोबाइल नंबर, घरचा पत्ता, ऑफिसची सही असलं काही ठेवू नका, आणि ऑफिसच्या मेलवरून तर अजिबात पाठवू नका. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री न पाठवता दोन दिवस आधी पाठवा, आणि पाठवलेल्याची प्रत ग्रुपमध्ये एकाच ठिकाणी जमा करून ठेवा, सहा महिन्यांनी अंतिम नियम येईल तेव्हा कुठला मुद्दा घेतला आणि कुठला सोडला हे ताडून बघायला तीच लागेल.